नकाशावरची वीज

ड्रमकॉरीच्या रस्त्याकडेला स्प्रूसची, उंच वाढणारी सूचिपर्णी झाडं लावली तेव्हाच डेलिया रूनी म्हणाली होती, "ही एक दिवस आपल्या डोक्यावर पडणार." तेव्हा ती टपाल वाटायची. एकतीस वर्षं तिने आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या त्या डोंगरउतारावर पत्रं पोचवली. कोणाचं कुत्रं चावतं आणि कोणाला दारातून ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, हे तिला पाठ होतं. त्या ओल्या, लव्हाळ्यांनी भरलेल्या जमिनीत झाडाचं मूळ खाली जात नाही, ताटासारखं वरच्या वर पसरतं, हेही तिला ठाऊक होतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जंगल कंपनीला. कंपनीचं ऑफिस डब्लिनमध्ये आणि मालक कुठल्या देशात, ते देवच जाणे.

झाडं वाढली. विजेच्या तारांच्या दोन्ही बाजूंनी वाढली आणि तारांच्या वर गेली. डेलियाच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. निवृत्त झाल्यावर तिने तीन वर्षांत चार पत्रं लिहिली. वीज कंपनीने कळवलं, की झाडं जंगल कंपनीची आहेत, त्यांच्याशी संपर्क साधावा. जंगल कंपनीने कळवलं, की तारा वीज कंपनीच्या आहेत, त्यांच्याशी संपर्क साधावा. दोन्ही पत्रांत शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या जागरूकतेबद्दल आभार.'

"आभार कसले मानतात मेले," डेलिया ह्यूईला म्हणाली. "आभार मानले की काम झालं असं वाटतं त्यांना."

ह्यूई गिलरेन तिच्या घरापासून अर्धा किलोमीटर वर राहायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा. पूर्वी कोळशाच्या खाणीत होता आणि खाणीने त्याच्या फुप्फुसांची चाळण करून ठेवली होती. हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकात सोडणारं एक यंत्र त्याच्या खुर्चीशेजारी रात्रंदिवस घुरघुरत असायचं. यंत्र विजेवर चालायचं. वीज गेली तर म्हणून एक सिलिंडर होता, सहा-सात तास पुरेल एवढा. वीज कंपनीच्या 'विशेष काळजी'च्या यादीत ह्यूईचं नाव होतं. तसं कार्डही त्याला आलं होतं. ते त्याने भिंतीवर टाचून ठेवलं होतं.

वादळ जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे आलं. आदल्या दिवशी रेडिओवर लाल इशारा झाला होता, कोणीही घराबाहेर पडू नये म्हणून. पाचच्या सुमाराला डेलियाला आधी वाटलं, खालच्या रस्त्याने एखादा मोठा ट्रक येतोय. तो ट्रक येतच राहिला, पोचला मात्र नाही. वीज सहाला वीस मिनिटं असताना गेली. मग वाऱ्याचे झोत-बीत काही उरले नाहीत, नुसता एकसंध गडगडाट. चुलीचं लोखंडी झाकण आपोआप वर उडायचं आणि आदळायचं. छपरावरची कौलं एकेक करून सुटत होती. ती जिन्याखाली जाऊन बसली. झाडं पडल्याचा आवाज काही कानाला आला नाही, तो तळपायांना कळला. जमीन दर थोड्या वेळाने दचकत होती.

साडेआठला उजाडलं तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि जागच्या जागी थांबली. खिडकीत आभाळ होतं. वीस वर्षांत त्या खिडकीत आभाळ दिसलं नव्हतं. सगळं जंगल आडवं झालं होतं. मुळांची ताटं चिखलासकट उभी राहिली होती. मध्ये कुठेतरी विजेचे खांब काडीसारखे मोडले होते आणि तारा गायब होत्या.

तिच्या मनात पहिली आली ती ह्यूईच्या नाकातली नळी.

फोन बंद, मोबाइल बंद. लाल इशारा अकरापर्यंत होता. ती साडेनवाला निघाली. अर्धा किलोमीटर जायला तिला दीड तास लागला. कुठे खोडाखालून सरपटत, कुठे फांद्यांवरून चढत, गालावर ओरखडे घेत. अर्ध्या वाटेवर करवतीचा आवाज ऐकू आला. वरच्या बाजूने टर्लो मकटर्नन येत होता. हा भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा, आडदांड, पन्नाशीतला माणूस.

"तू घरात बस असं रेडिओवर सांगत होते ना?" तो ओरडला.

"तुझा रेडिओ वेगळा होता का?"

ह्यूई खुर्चीत बसला होता. यंत्र मुकं झालेलं, नळी सिलिंडरला लावलेली. सिलिंडरचा काटा पाव भागाच्या खाली आला होता. ओठ निळसर पडलेले.

"उशीर केलास," तो म्हणाला. एकेका शब्दानंतर थांबत. "वाटेत चहाला थांबली होतीस?"

"हो, आणि केकही खाल्ला. टोपी घाल."

त्याला गाडीत घालायला रस्ताच नव्हता. टर्लोने वरच्या शेतातून ट्रॅक्टर आणला, त्याच्या मागच्या लोखंडी पेटीत गवताच्या पेंढ्या टाकल्या, त्यावर ह्यूईला घोंगडीत गुंडाळून बसवलं. सिलिंडर धरून डेलिया शेजारी बसली. दोन कुंपणं तोडून, शेतांमधून ते खाली निघाले.

"बाजाराला मेंढा नेतात तसा नेताय मला," ह्यूई म्हणाला.

"मेंढ्याला भाव तरी येतो," टर्लो पुढून म्हणाला.

हमरस्त्यावर टर्लोच्या बायकोची गाडी होती. तिने अग्निशमन केंद्र गाठलं, तिथून रुग्णवाहिका. मोठ्या इस्पितळाच्या रुग्णवाहिकेत ह्यूईला घातलं तेव्हा सिलिंडरच्या काट्याने तळ गाठला होता. विशेष काळजीच्या यादीतल्या माणसाची चौकशी करायला त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते ड्रमकॉरीच्या अकरा घरांनाच माहीत. वीज नाही म्हणजे विहिरीचा पंप नाही, म्हणजे पाणी नाही. डेलिया ओढ्यावरून बादल्या आणायची. फ्रीजरमधलं मांस वितळायला लागलं तसं तिने ते चुलीवर शिजवून घरोघर वाटलं. सहासष्ट वर्षांच्या बाईची पुन्हा टपालाची फेरी सुरू झाली, फक्त पिशवीत पत्रांऐवजी रश्शाचे डबे.

मोबाइलला रेंज मिळायची ती टेकडीच्या माथ्यावर, दफनभूमीच्या भिंतीजवळ. पाचव्या दिवशी तिने तिथून वीज कंपनीला फोन लावला. रेकॉर्ड केलेला गोड आवाज आला, "तुमच्या भागातील वीजपुरवठा सुरळीत झाला आहे. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार."

तिने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा लावला. पन्नास मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"मॅडम, आमच्याकडे तर तुमच्या घरी वीज आहे असं दिसतंय."

"तुझ्याकडे दिसतंय ना, पोरी? माझ्याकडे काहीच दिसत नाही, तेच तर सांगतेय."

"नकाशावर तुमचा भाग हिरवा आहे, मॅडम. एकदा घरातला मेन स्विच तपासून बघता का?"

"स्विच जागेवर आहे. खांब जागेवर नाही. खांब ओढ्यात पडलाय. तोही तपासू का?"

मुलीने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "मी तुमची तक्रार नोंदवते."

टर्लोने त्याच्या फोनवर तो नकाशा दाखवला. सगळीकडे लाल ठिपके आणि ड्रमकॉरी हिरवंगार. खालच्या हमरस्त्यावरची मुख्य लाइन चालू झाली होती, तेव्हा तिच्यावर लटकलेली सगळी घरं चालू झाली, असा संगणकाने हिशोब केला होता. कोणी येऊन बघितलं नव्हतं. आणि नकाशावर हिरवं म्हणून पाण्याचा टँकर दुसऱ्या गावाला गेला. हिरवं म्हणूनच जिल्ह्याच्या काउन्सिलचा जनरेटरही वर आला नाही. लोकांनी चौकशी केली की उत्तर एकच, "तुमच्याकडे आली ना?"

"आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागलंय मला," टर्लो म्हणाला.

आठव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, डेलियाच्या खिडकीसमोरून एक टॅक्सी वर गेली आणि दहा मिनिटांनी रिकामी परत आली. रस्ता तोवर टर्लोने एका गाडीपुरता मोकळा केला होता. डेलियाला वाटलं, कोणी वाट चुकलं असेल. मग तिच्या लक्षात आलं, टॅक्सी कोणालातरी वर सोडून गेली होती. चपला-बूट न बघता जे हाताला आलं ते पायात घालून ती वर पळाली.

ह्यूई त्याच्या खुर्चीत बसला होता. ओव्हरकोट, टोपी, हातमोजे. घर आठ दिवसांचं थंड, भिंतींना ओल सुटलेली. यंत्राची पिन बोर्डात खोचलेली आणि यंत्र मुकं. मांडीवर इस्पितळाने वाटेपुरता दिलेला छोटा सिलिंडर.

"तुला कोणी सोडलं?" ती ओरडलीच.

"पलंग हवा होता त्यांना. तिथल्या पोरीने कॉम्प्युटर बघितला. म्हणाली, आजोबा, तुमच्या घरी वीज आली."

"आणि तू मुकाट्याने आलास?"

"मी म्हटलं, नाही आली. ती म्हणाली, तुम्ही आठ दिवस इथे आहात, तुम्हाला कसं माहीत?" ह्यूईने श्वास घेतला. "बरोबर होतं तिचं. मला कसं माहीत असणार?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते डेलियाला त्या क्षणी कळलं. झाडांचा राग तिला वीस वर्षं होता, पण तो कुरकुरणारा, रोजचा राग होता. हा वेगळा होता. डोकं एकदम लख्ख झालं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "यंत्र मी घेते."

"कुठे?"

"जिथे वीज आहे तिथे. वाटेत टर्लोला गाडीसकट घेऊ."

त्या दिवशी दोन वाजता खालच्या गावातल्या सार्वजनिक हॉलमध्ये वीज कंपनीने सभा ठेवली होती. हॉल हमरस्त्यावर असल्यामुळे तिथे दिवे होते. साठ-सत्तर माणसं चिखलाच्या बुटांनी बसली होती. पुढे मंचावर कंपनीचा फिंटन डेलाहंटी नावाचा अधिकारी उभा होता. पस्तिशीचा, नवा कोरा पिवळा कोट घातलेला. कोटाला घडीच्या रेघा अजून तशाच होत्या. मागे पडद्यावर तोच नकाशा. तो सांगत होता, "एकूण ग्राहकांपैकी शहाण्णव टक्के ग्राहकांचा पुरवठा आपण विक्रमी वेळात..."

दार उघडलं. एका काखेत ह्यूईचा दंड धरून आणि मागे टर्लोच्या हातात ते कपाटाएवढं यंत्र, अशी डेलिया सरळ मधल्या वाटेने चालत आली. पहिल्या रांगेतल्या दोघांनी उठून ह्यूईला जागा दिली. तिने बोर्ड शोधला. मंचाच्या पायाशी एकच होता आणि त्यात प्रोजेक्टरची पिन होती. तिने ती उपटली. नकाशा गेला. तिने यंत्राची पिन लावली. यंत्र खोकल्यासारखं करून घुरघुरायला लागलं. तिने नळी ह्यूईच्या नाकाला लावली आणि मग ताठ उभी राहिली.

"मॅडम, आपण जरा..." डेलाहंटी म्हणाला.

"मॅडम नाही. डेलिया रूनी, ड्रमकॉरी. आत्ता तुम्ही मला हिरवी दाखवत होतात."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. कोणीतरी म्हणालं, "बोल, डेलिया!"

"हा ह्यूई गिलरेन. तुमच्या विशेष काळजीच्या यादीत आहे. तुमचा नकाशा बघून इस्पितळाने आज त्याला घरी सोडला. घरात वीज नाही, पाणी नाही, चूल विझलेली. मी खिडकीत उभी नसते तर संध्याकाळपर्यंत हा गेला असता. ह्याची जबाबदारी कोणाची, एवढंच सांगा. मी बसते मग."

"तुमची तळमळ आम्ही समजू शकतो..."

"तळमळ नाही साहेब ही, संताप आहे. आणि तो समजून घेऊ नका, उत्तर द्या."

डेलाहंटी लालबुंद झाला. "हे वादळ अभूतपूर्व होतं. इतकी झाडं तारांवर येतील याची कोणालाच कल्पना नव्हती."

"मला होती! चार पत्रं लिहिलीत मी. तुमची उत्तरं माझ्या खणात आहेत. छान जाड कागद आहे."

"पण झाडं आमच्या मालकीची नाहीत..."

त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच मागच्या रांगेतून कोणीतरी सूर लावला, "आणि तारा त्यांच्या मालकीच्या नाहीत!" हॉल हसला. ते हसणं ऐकून कोणालाही पळून जावंसं वाटलं असतं. मग ह्यूईने हात वर केला आणि सगळे थांबले.

"साहेब," तो म्हणाला, "एक विचारू? तुमच्या त्या कॉम्प्युटरवर मी घरी आहे, की इथे?"

डेलाहंटीने फोन काढला. "मी आत्ता, तुमच्यासमोर नियंत्रण कक्षाशी बोलतो," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्याने स्पीकर लावला. पलीकडून एका माणसाचा थकलेला आवाज आला.

"ड्रमकॉरी? हिरवं आहे. पूर्ण झालंय."

"नाही झालेलं. मी तिथल्या लोकांसमोर उभा आहे."

"मग त्यांना मेन स्विच बघायला सांग ना."

हॉलमध्ये जे झालं त्याला आरडाओरडा हा शब्द पुरत नाही. खुर्च्या पडल्या. एक म्हातारी काठी आपटत होती. डेलाहंटी फोन हातात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा आता अधिकाऱ्याचा राहिला नव्हता, भर वर्गात चुकलेल्या मुलाचा झाला होता. डेलियाला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचाही राग आला. ज्यांनी झाडं न छाटण्याचं ठरवलं, ज्यांनी लाइन तपासणारी माणसं कमी केली, ते कोणी इथे आले नव्हते. शिव्या खायला त्यांनी ह्याला पाठवला होता.

"राग तुझ्यावर नाही रे," ती त्याला म्हणाली, हळू. "पण आज तूच आहेस समोर. नाव लिहून घे सगळ्यांचं. अकरा घरं. कागदावर लिही, त्यात नको."

त्याने लिहून घेतलं. दोन वेळा विचारून, नीट लिहिलं.

ह्यूईला टर्लोच्या बहिणीकडे, हमरस्त्यावरच्या घरात ठेवलं. तीन दिवसांनी माणसं आली. तीही परदेशातून मदतीला बोलावलेली, फिनलंडची. त्यांचा मुकादम मोठ्या दाढीचा, मोजकं बोलणारा होता. तो एका उखडलेल्या बुंध्यापाशी उभा राहिला, तिथून मोडलेल्या खांबापर्यंत पावलं टाकत गेला. सहा पावलं भरली. त्याने परत येऊन पुन्हा मोजली.

"ह्याला परवानगी कोणी दिली?" त्याने डेलियाला विचारलं.

"तेच विचारतेय मी तीन वर्षं."

"आमच्याकडेही वादळं येतात," तो म्हणाला. "आमच्याकडे झाड एवढं जवळ नसतं." मग त्याने हातमोजे चढवले आणि कामाला लागला.

चौदाव्या दिवशी वीज आली. ह्यूई घरी परतला, पण तो पूर्वीचा राहिला नाही. आधी फाटकापर्यंत चालायचा, आता पलंगापर्यंत जाताना दोनदा थांबायचा. वीज कंपनीचं संयमाबद्दल आभाराचं पत्र आलं, सगळ्या घरांना एकच, सहीसुद्धा छापलेली. ह्यूई ऑक्टोबरात गेला. डॉक्टरने मृत्यूच्या दाखल्यावर फुप्फुसाचा जुना आजार लिहिला. डेलिया दाखला वाचून म्हणाली, "खोटं नाही लिहिलेलं. पण अर्धंच लिहिलंय."

चौकशी समिती बसली होती म्हणे. ती अजून बसलेलीच होती, तेवढ्यात पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी जंगल कंपनीची गाडी आली. आडवी लाकडं उन्हाळ्यातच उचलून नेली होती. आता दोन रोमानियन माणसं पाठीवर रोपांची पोती घेऊन उतरली. कुदळीने फट पाडायची, रोप घालायचं, टाचेने दाबायचं, पुढे जायचं. स्प्रूसच. ओळी तारांच्या दिशेने सरकत होत्या. डेलिया कुंपणाशी उभी राहून बघत होती. शेवटची ओळ खांबापासून पाच पावलांवर आली.

ती चहाची किटली घेऊन गेली. मोठा होता त्याचं नाव डोरू. त्याला तिने वर तार दाखवली, हाताने झाड पडतं तसं करून दाखवलं.

"मला कळतं, बाई," तो म्हणाला. "पण कागदावर जागा आखून दिलीय. रोपं लावली नाहीत तर आमची मजुरी जाते."

"तुमची मजुरी जायला नको."

तो चहा प्यायला. त्याने दुसऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "उद्या दुपारी आमचा मुकादम येतो, मोजतो, आणि आम्ही जातो. त्यानंतर इथे काय होतं, ते आम्हाला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी मुकादम येऊन गेला. त्यांच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला, तशी डेलिया कुंपण ओलांडून आत गेली. रोपं बोटाएवढी होती, सहज निघत होती. एका तासाने टर्लो आला, त्याने काही विचारलं नाही, शेजारची ओळ धरली. त्याच्या मागून त्याची बहीण आली. मग वरच्या घरातली ती काठी आपटणारी म्हातारी आली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ती पोतं धरून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी पोलिसाची गाडी आली. तरुण पोलीस खाली उतरला आणि चिखल बघून कडेलाच थांबला. डेलियाने त्याच्या आईला एकतीस वर्षं पत्रं दिली होती.

"डेलिया, कंपनीची तक्रार आहे. मालमत्तेचं नुकसान. हे तू करतेयस?"

"मी करतेय. लिही."

"बरोबर कोण आहे?"

"तुला दिसतात ना? त्यांना विचार."

टर्लोने आपणहून नाव सांगितलं, मग बहिणीने. म्हातारीने नावासोबत जन्मतारीखही सांगितली.

पोलिसाने वही मिटली. "माझ्यासमोर तरी थांब ना गं," तो हळूच म्हणाला. "कोर्टाचं बोलावणं येईल तुला."

"येऊ दे. मीच बोलवत होते त्यांना चार वर्षं, कोणी आलं नाही. तिथे तरी समोर येतील."

ती पुढच्या रोपाशी वाकली. तारेजवळच्या अजून चार ओळी बाकी होत्या.